आधी टाकी, मग डॉकर

फायनल इयरची प्रोजेक्टं सुरू झाली की होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एकच वाक्य ऐकू येतं, "माझ्या मशीनवर तर चालतंय यार!" मग कुणीतरी सीनियर एका शब्दात औषध लिहून देतो : डॉकर. डाऊनलोड करा, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश, रिस्टार्ट... झालं! माझं म्हणणं जरा वेगळं आहे. ज्याने स्वतःच्या हाताने एकदाही व्हर्च्युअल मशीन उभं केलेलं नाही, त्याने डॉकर डेस्कटॉपच्या वाटेला जाऊ नये. (सीनियर मंडळींनी रागावू नये, कॅन्टीनमध्ये बोलू.)

कंटेनर म्हणजे छोटं व्हर्च्युअल मशीन, असं आपण व्हायवात बिनधास्त ठोकून देतो. ते तसं नाही. व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतंत्र बंगला; विहीर स्वतःची, मीटरही स्वतःचा. कंटेनर म्हणजे आपल्या होस्टेलची खोली. कुलूप ज्याचं त्याचं, पण गच्चीवरची पाण्याची टाकी सगळ्यांची एकच. ही टाकी म्हणजे लिनक्सचा कर्नल. खोल्यांच्या भिंती घालायचं काम नेमस्पेस करतात आणि कुणी किती बादल्या घ्यायच्या ते सीग्रुप बघतात. सीग्रुप लिनक्सच्या २.६.२४ आवृत्तीत, म्हणजे २००८ सालीच आले होते. डॉकर आलं २०१३ मध्ये. त्याने ही सगळी खोली सामानासकट बांधून दुसऱ्या मशीनवर नेण्याची सोय केली, आणि तेवढ्यावर बाजी मारली!

आता विंडोजच्या डेस्कटॉपवर लिनक्सची टाकी आणायची कुठून? डॉकर डेस्कटॉप गुपचूप मागच्या अंगणात एक लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन उभं करतं, हल्ली बहुधा डब्ल्यूएसएल २ च्या आधाराने. म्हणजे बंगला बांधला जातोच, फक्त आपल्याला दिसत नाही. हा न दिसणारा बंगला मग अर्ध्यापर्यंत रॅम खाऊ शकतो. त्याची डिस्कची फाइल फुगत जाते, आणि आतल्या इमेज उडवल्या तरी सी ड्राइव्हवर जागा आपोआप परत येईलच असं नाही. नवखा मुलगा काय करतो? विंडोज फॉरमॅट मारतो!

त्यापेक्षा सरळ मार्ग सांगतो. ८ जीबी रॅमचा साधा असेंबल्ड डेस्कटॉप पुरतो. व्हर्च्युअलबॉक्स घ्या, त्यात बिनखिडक्यांचं, म्हणजे डेस्कटॉप नसलेलं डेबियन टाका. २ जीबी रॅम, २५ जीबी डिस्क. त्यात डॉकर इंजिन बसवा. पोर्ट फॉरवर्डिंगने आतलं ८०८० बाहेरच्या ८०८० ला जोडा आणि विंडोजच्या ब्राउझरमध्ये आपलं प्रोजेक्ट बघा. एक संध्याकाळ जाते, कबूल. पण कुठली भिंत कुणाची आणि पाणी कुठून येतं, ते आयुष्यभरासाठी कळतं. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली हिरवं कासव दिसलं तर समजा, हायपर-व्ही आधीच चालू आहे आणि म्हणून गाडी रखडते आहे. (कासवाचं चित्र ज्याने काढलं त्याला माझा सलाम.) आणि हो, स्वतःला डॉकर ग्रुपमध्ये टाकताना लक्षात ठेवा, त्या ग्रुपचा सदस्य म्हणजे जवळजवळ रूटच.

डॉकर डेस्कटॉप वाईट आहे असं मी म्हणत नाही. १६ जीबीचा लॅपटॉप असेल तर खुशाल वापरा. शिक्षणासाठी ते फुकटच आहे. पण २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना त्याचे पैसे मोजावे लागतात आणि सर्व्हरवर तर ते नसतंच, तिथे नुसतं इंजिन असतं. कॅम्पसमधून लागल्यावर गाठ पडणार ती त्या इंजिनाशी.

आता खरी खंत. प्रोजेक्ट चौघांचं, पण १६ जीबीचा लॅपटॉप एकाकडेच. सगळं तोच बसवतो, उरलेले तिघं मागे उभे राहून बघतात आणि व्हायवात "सर, ते पार्ट त्याने केलंय" म्हणतात. तिघांनाही यायला हवं, आणि त्यांच्यासाठी जागा एकच आहे, ती म्हणजे लॅब. पण लॅबच्या मशीनवर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली सीपीयू उघडून बघा. व्हर्च्युअलायझेशन : डिसेबल्ड! प्रोसेसरमध्ये सोय आहे, बायोसमध्ये बंद आहे. इंटेलच्या बोर्डावर व्हीटी-एक्स, एएमडीच्या बोर्डावर एसव्हीएम, दोन मिनिटांचं काम. नव्या मशीन मागायची गरजच नाही.

नेटचं रडगाणंही सांगू नका. नाव न नोंदवता इमेज ओढणाऱ्यांसाठी डॉकर हबची मर्यादा २०२० पासून आयपी पत्त्यावर मोजली जाते आणि अख्खं होस्टेल एकाच पत्त्यामागे बसलेलं असतं, हे खरं. पण एकाने इमेज उतरवावी, डॉकर सेव्हने तिची टार फाइल करावी, बाकीच्यांनी पेन ड्राइव्हवरून डॉकर लोड करावी. सिनेमे तर आपण असेच वाटतो ना! लॅबच्या एका जुन्या मशीनवर रजिस्ट्रीचा कॅशे चालवला तर तेही नको.

सरांना विचारलं तर ते म्हणतात, सिलॅबसमध्ये नाही. नसेल. पण बायोसची सेटिंग बदलायला सिलॅबस लागत नाही. पासवर्ड लॅबमधल्या काकांकडे आहे, आणि सबमिशन संपल्यावर दोन आठवडे लॅब रिकामीच असते.