बंद फाईल पुन्हा उघडण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष,
राज्य सहाय्यक जननतंत्रज्ञान व सरोगसी मंडळ, महाराष्ट्र राज्य

विषय : आयव्हीएफने जन्मलेल्यांच्या रक्तदाब, साखर व हृदयाच्या दीर्घकालीन तपासणीबाबत

महोदय,

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून भारतातले शास्त्रीय नोंद असलेले पहिले टेस्टट्यूब बाळ जन्मले. त्या पिढीतली थोरली माणसे आता चाळिशीच्या घरात आहेत. रक्तदाब आणि मधुमेह डोके वर काढतात, ते हेच वय. बाळ हाती आले की पालक पेढे वाटतात आणि आयव्हीएफ केंद्रातली फाईल बंद होते. निवेदनकर्त्या पालकांचे व बालरोगतज्ज्ञांचे गाऱ्हाणे त्या बंद फायलीबद्दल आहे.

स्वित्झर्लंडमधील बर्न येथे उर्स शेरर यांच्या गटाने २०१२ मध्ये आयव्हीएफने जन्मलेली ६५ निरोगी मुले तपासली. त्यांच्या रक्तवाहिन्या पुरेशा प्रसरण पावत नव्हत्या. त्यांतली बरीच मुले किशोरवयात पुन्हा तपासली, तेव्हा ५२ पैकी ८ जणांचा रक्तदाब वाढलेला आढळला. तुलनेच्या गटात ४३ पैकी एकाचाच.

मात्र घाबरून जावे असे यात काही नाही. नॉर्डिक देशांतील सव्वा लाखाच्या आसपास आयव्हीएफ मुलांच्या नोंदींत हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला नाही. लठ्ठपणा तेवढा किंचित अधिक होता. पण ती बहुतेक मुले लहान होती. शिवाय हा दिलासा तिकडच्या मुलांचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतील माता व त्यांची मुले वर्षानुवर्षे अभ्यासली. आपली बाळे जन्मतः वजनाने कमी, तरी अंगात चरबी राखून असतात, हे त्यांनीच दाखवून दिले. असा अभ्यास उभारण्याची ताकद याच मातीत आहे. मग तो आयव्हीएफच्या मुलांसाठी का नको?

२०२१ च्या सहाय्यक जननतंत्रज्ञान कायद्याने केंद्रांना नोंदी किमान १० वर्षे जपायला सांगितले आहे. त्या नोंदींना मुलाच्या पुढील आरोग्याची जोड द्यावी, ही मुख्य मागणी. पालकांची लेखी संमती घेऊन ५, १० आणि १८ व्या वर्षी उंची, वजन, कंबर व रक्तदाब, आणि १८ व्या वर्षी उपाशीपोटी साखर सरकारी रुग्णालयात मोफत तपासावी.

गुप्ततेबाबत मंडळाने विशेष दक्ष राहावे. कित्येक घरांत आयव्हीएफची गोष्ट सासू-सासऱ्यांनाही ठाऊक नसते. म्हणून ही तपासणी शाळेच्या वर्गात, चारचौघांत होता कामा नये. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असावा. मूल सज्ञान झाल्यावर पुढे सहभागी व्हायचे की नाही, हे त्याने स्वतः ठरवावे.

आयव्हीएफमध्ये जुळी अधिक होतात. जुळ्यांची बाळंतपणे बरेचदा मुदतीपूर्वी होतात आणि वजन कमी भरते. पुढच्या धोक्याची बरीच बीजे तिथेच आहेत. तेव्हा प्रत्येक केंद्राने जुळ्यांचे प्रमाण दरवर्षी जाहीर करावे.

सुरुवात मुंबई व पुण्यातून करता येईल. आराखड्यासह समक्ष भेटण्यासाठी मंडळाने वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
निवेदनकर्ते पालक व बालरोगतज्ज्ञ