नेसणे आणि घालणे

मराठीत सगळेच कपडे ‘घालत’ नाहीत. सदरा, चोळी, पोलके घालतात. लुगडे, धोतर, सोवळे नेसतात. फेटा बांधतात, शाल पांघरतात, पंचा गुंडाळतात. ‘धोतर घातले’ हे कानाला खटकते. कापडाचे अंगाशी नाते बदलले की क्रियापद बदलते.

घालायच्या कपड्याला शिवण असते. शिंपी मापे घेतो, गळा कापतो, बाह्या जोडतो. आकार आधीच ठरलेला असतो, अंगाने त्यात शिरायचे एवढेच. नेसायच्या वस्त्राला आकार नसतो. घडी उलगडली की नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वारांची, सुमारे सव्वाआठ मीटरची सरळ पट्टी. काठ आणि पदर मागावरच विणलेले. तिला आकार येतो तो नेसताना, आणि सोडले की तो जातोही.

नेसण्याच्या अनेक रीती आहेत, पण गाभा एकच. लुगडे पाठीमागून कमरेभोवती घेऊन पुढे गाठ मारतात. पुढच्या कापडाच्या निऱ्या करून पोटाशी खोचतात. खालचा काठ दोन्ही पायांमधून मागे नेऊन पाठीशी खोचला की काष्टा होतो, आणि उरलेला पदर खांद्यावर जातो. परकर लागत नाही, पिन लागत नाही. सगळा भार गाठीवर आणि खोचण्यावर. सवयीच्या बाईला आरसाही लागत नाही. गाठ किती आवळली हे पोटाला कळते, काठ कुठवर आला हे घोट्याला.

एकाच कापडातून कामाप्रमाणे वेगळा पोशाख निघतो. भाताच्या चिखलात उतरणारी बाई लुगडे गुडघ्यापर्यंत आवळून घेते. कोळणीचे नेसणे पायांना घट्ट बसते. ब्राह्मणी पद्धतीत काठ घोट्याशी येतो. काष्ट्यामुळे पाय सुटे राहतात, मांडी घालता येते, ढांग टाकता येते. पोटाशी खोचलेल्या ओच्यात तोडलेल्या शेंगा मावतात. अंग बदलले तरी अडत नाही: गरोदरपणी गाठ सैल करायची, बाळंतपणानंतर पुन्हा आवळायची. आईचे लुगडे लेकीला होते, सासूचे सुनेला. कुठेही कापलेले नसल्यामुळे विरल्यावरही मोठा सलग तुकडा हाती राहतो. त्याचे बाळाचे दुपटे होते, गोधडीचा थर होतो.

आता बाजारात शिवलेली नऊवारी मिळते. निऱ्या पक्क्या टाचलेल्या, काष्टा जागच्या जागी, कमरेला नाडी किंवा हूक. विजारीसारखे पाय घालायचे आणि पदर टाकायचा. पाच मिनिटांत तयारी होते, ढोलपथकात किंवा लग्नात नाचताना सुटण्याची धास्ती नसते. ज्यांना नेसणे कोणी शिकवले नाही, त्यांनाही ती अंगावर घेता येते. मात्र ती घेताना कमरेचे आणि उंचीचे माप सांगावे लागते आणि एकीची दुसरीला होईलच असे नाही. नेसणारीच्या हातात असलेले काम इथे शिंप्याच्या शिलाईत गेलेले असते.

बोलण्यातही हा फरक उतरला आहे. सहावारी साडी आजही ‘नेसतात’. शिवलेल्या नऊवारीबद्दल मात्र ‘घातली’ असे सहज ऐकू येते.