घरकुलाआधी पट्टा

चार खाडे करून अकोटला गेलो. माय दारातच बसली होती. पुढ्यात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला आणि घरटॅक्सच्या पावत्या. तीस वर्षांच्या पावत्या, रबर लावून ठेवलेल्या. मला बघून म्हणाली, "साहेब म्हणते, जागा तुमची नाई, सरकारची हाय. घरकुल भेटत नाई. मंग हा टॅक्स कायचा घेतला रे बाप्पा?"

मी मॅट्रिक झालोय. कविता लिहितो. मुंबईच्या गोदीत लोखंडाच्या मालाला साखळ्या लावतो. मायच्या या एका प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आमची वस्ती नझूलवर आहे. नझूल म्हणजे शहरातली सरकारी जमीन. पुण्या-मुंबईच्या दोस्तांना हा शब्द नवा वाटेल, वऱ्हाडात तो पोरासोरांनाही ठाऊक आहे. बाप-आज्यांना गावानं कडेला टाकलं. जी जागा कुणालाच नको होती तिथं त्यांनी कुडाच्या भिंती उभ्या केल्या. गाव वाढलं, कडेची जागा मधी आली आणि सरकारला आठवण झाली की ही आपली आहे!

आता दिल्लीकडं बघा. २५ जून २०१५ ला प्रधानमंत्री आवास योजना शहरांसाठी सुरू झाली. घोषणा होती, २०२२ पर्यंत सर्वांना घर. तेव्हा खातं वेंकय्या नायडूंकडं होतं. पुढं हरदीपसिंग पुरी आले, २०२४ ला मनोहरलाल खट्टर आले. १ सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा भाग लागू झाला, आणखी एक कोटी घरांचा. मंत्री बदलले, हिशेब तोच राहिला. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख. २०१५ लाही दीड, आजही दीड. सिमेंट, सळई, गवंड्याची मजुरी मात्र २०१५ ची राहिलेली नाही. आणि अकोटची माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया खोल घेतला नाही तर भिंत चिरते. गरिबाचा पैसा आधी जमिनीत गाडला जातो, मग भिंत दिसते.

पण हे दुखणं दुय्यम आहे. खरी मेख 'स्वतःच्या जागेवर' या दोन शब्दांत आहे. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या जागाच मिळू दिली नाही, त्यालाच म्हणायचं की जागेचा कागद आण, मग घर देतो. मुंबईत झोपडीखालची जमीन सोन्याची आहे, म्हणून तिथं बिल्डर तरी येतो. अकोटच्या नझूलवर कोणता बिल्डर येणार?

मंत्र्यांचं उत्तर पाठ आहे. जमीन हा राज्याचा विषय, आम्ही फक्त पैसा देतो. खोटं नाही. घटनेच्या सातव्या परिशिष्टात, राज्यसूचीच्या १८ व्या नोंदीत जमीन आहे. पण थांबा. २००५ ला केंद्रानं नेहरूंच्या नावानं नागरी पुनरुत्थानाची योजना काढली, तेव्हा राज्यांना अट काय घातली होती? पैसा पाहिजे तर १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा रद्द करा. महाराष्ट्रानं नोव्हेंबर २००७ मध्ये तो रद्द केला. म्हणजे जमीनवाल्यांचा फायदा असला की दिल्लीचा हात राज्याच्या जमिनीपर्यंत पोचतो. झोपडीवाल्याचा प्रश्न आला की तोच हात आखूड होतो. आणि दुसऱ्या भागात भूमिहीनांबद्दल काय लिहिलंय? राज्यं पट्टे देऊ शकतात. देऊ शकतात! द्यायलाच पाहिजेत असं नाही. मायचं घर या एका क्रियापदात अडकलंय.

होत नाही असं कुणी म्हणू नये. ओडिशानं २०१७ ला झोपडपट्टीवासीयांना जमिनीचा हक्क देणारा कायदा केला. तीही याच देशातली जमीन आहे.

दोस्तहो, हे खातं आपल्याला परकं नाही. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. केंद्राची सार्वजनिक बांधकामं तेव्हा त्याच खात्याखाली होती. १९४७ ला 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी मागितलं ते काय होतं? पडीक सरकारी जमीन अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी द्या. आधी जमीन. १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या मागं माणसं तुरुंगात गेली तीही जमिनीसाठीच. आपल्या म्हाताऱ्यांना जे कळलं होतं ते आपण विसरलो आणि घरकुलाच्या यादीत नाव शोधत बसलो.

२०१७ ला दिल्लीतली दोन खाती एक झाली. पाटीवरचे 'नागरी गरिबी निर्मूलन' हे शब्द गेले. गरिबी गेली नाही, ती नझूलवर बसली आहे, मांडीवर पिशवी घेऊन.

म्हणून केंद्रीय मंत्र्यानं किती घरांच्या चाव्या वाटल्या हे मला सांगू नका. किती पट्टे दिल्यावर राज्याला पैसा सोडला ते सांगा. बांधकामाचा फोटो आल्याशिवाय हप्ता सुटत नाही, ही अट घालता येते. मग वस्तीला पट्टे दिल्याशिवाय राज्याचा हप्ता सुटणार नाही, ही अट का घालता येत नाही?

पोरांनो, आपापल्या वस्तीत जा. घराघरातल्या टॅक्सच्या पावत्या गोळा करा. खालची जमीन नझूल की गायरान, की रेल्वेची, ते लिहून काढा. घरकुलाचा अर्ज नंतर. आधी पट्ट्याचा अर्ज, सगळ्या वस्तीचा एक, आणि तो घेऊन सगळी वस्ती कचेरीच्या दारात.

मायला मी सांगून आलोय, पावत्या फेकू नको. तो आपला सातबारा आहे. साहेबाला अजून वाचता येत नाही, एवढंच.