कमानीची वर्गणी यंदा तळ्याला द्या

वाशिम जिल्ह्यातल्या, आणि वाशिम सोडून पुण्या-मुंबईत, परदेशात स्थिरावलेल्या माझ्या सगळ्या गाववाल्यांनो,

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूरकर भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी वाशिमचं बालाजी मंदिर बांधलं. देवळाजवळचा देव तलावही त्यांच्याच नावावर सांगितला जातो. देवळाच्या जोडीला पाण्याचीही सोय झाली. आपण मात्र गावाला काही द्यायचं म्हटलं की वेशीवर कमान उभी करतो आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत नाव घालतो. आमच्या गावातही आहे एक. देणगीदारांत माझंही नाव आहे, म्हणून हे टोचून बोलण्याचा हक्क मला आहे.

समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, ५ जून २०२५ ला नागपूर-मुंबई पूर्ण रस्ता खुला झाला. कारंजा, शेलू बाजार, मालेगाव इथून आपण त्यावर चढतो. रस्त्याकाठच्या जमिनीचे भाव चढले, कित्येकांच्या हाती मोबदला आला, ढाबे आणि गोदामं वाढली. ही वाढ थांबणार नाही, थांबूही नये. पण वाढीला पाणी लागतं, आणि आपण पडलो माथ्यावर. काटेपूर्णा आपल्या काटा गावाजवळ उगम पावते आणि तहान अकोल्याची भागवते. अडाण, अरुणावती यवतमाळकडे निघून जातात. खाली काळा पाषाण, वर उतार. पावसाळ्यात पडलेलं अडवायला आपल्याकडे आहेत ती गावतळी, पाझर तलाव आणि नाल्यावरचे बंधारे. ते गाळाने भरलेत.

काही वर्षांपूर्वी आमच्या तळ्यात मशीन आलं. गाळ निघाला तो काळाभोर, लोण्यासारखा मऊ, मध्येमध्ये पांढरे शिंपले. ट्रॉलीमागून चालणाऱ्या म्हाताऱ्यांनी तो मुठीत दाबून पाहिला. ज्यांनी आपल्या मुरमाड तुकड्यावर पसरला, त्यांचं सोयाबीन पुढच्या पावसाच्या ताणात शेजाऱ्यापेक्षा आठवडाभर जास्त तग धरून राहिलं. पण काम अर्ध्यात बंद पडलं. डिझेलची वर्गणी आटली, मशीन दोन दिवस नुसतं उभं राहिलं आणि मग परत गेलं. त्याच आठवड्यात एका वरातीच्या डीजेचे पैसे मात्र रोख मोजले गेले. जाऊ द्या.

सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. २०२३ पासून तिच्यात लहान शेतकऱ्याला गाळ शेतात नेऊन पसरण्यासाठी अनुदानही ठरलं आहे. पण ते नंतर हाती येतं, ट्रॅक्टरवाल्याला भाडं आधी लागतं. ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही, त्याच्या शेतात गाळ पोचत नाही. मुख्य अडचण एवढीच आहे, आणि ती दानाने सुटण्यासारखी आहे.

तुम्ही म्हणाल, कंपन्यांचा सीएसआर कुठे गेला? २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकामाला देणं भाग पाडलं. पण त्याच कायद्यात आपल्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्या असंही म्हटलंय. मोठे कारखाने पुण्या-मुंबईकडे, म्हणून पैसाही तिकडेच मुरतो. नीती आयोगाने २०१८ मध्ये राज्यातले चार जिल्हे ‘आकांक्षित’ ठरवले, त्यात नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाच्या उस्मानाबादसोबत आपण आहोत. नाव लागलं, पण नुसत्या नावावर कोणी धनादेश फाडत नाही. कंपन्यांना तळ्याचं मोजमाप, गाळाचा अंदाज, ग्रामसभेचा ठराव आणि गावाने आधी घातलेला स्वतःचा रुपया दिसावा लागतो.

म्हणून मागणं असं. नोकरदारांनो, वर्षातून एका दिवसाचा पगार आपल्या गावच्या तळ्याला द्या. ज्यांना महामार्गाचा मोबदला मिळाला, त्यांनी एका गरीब शेजाऱ्याच्या ट्रॉल्यांचं भाडं उचला. निवृत्त ओव्हरसियर, मास्तर, हिशेबतपासनीस यांच्याकडे पैसे मागत नाही, दोन रविवार मागतो: मोजमाप करा, अंदाजपत्रक लिहा, कागद तालुक्याला पोचवा. पैसे नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातच टाका आणि पावती घ्या. करसवलत हवी असेल तर संस्थेला आयकर खात्याची तशी मान्यता आहे का ते आधी बघा, आणि दोन हजारांवर रोख देऊ नका, ती रक्कम सवलतीत धरत नाहीत. रोजचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे: किती लिटर डिझेल, किती ट्रॉल्या, कोणाच्या शेतात. पहिल्या ट्रॉल्या विधवा बायांच्या आणि कोरडवाहू तुकडेवाल्यांच्या शेतात जाव्यात, सरपंचाच्या नंतर. मुरूम लागला की खोदणं थांबवा, आणि पाळीला व सांडव्याला कोणी हात लावू नका.

काम अक्षय तृतीयेपासून मृग लागेपर्यंतच होतं. सणाला गावी येणारच आहात, तर एक संध्याकाळ तळ्यावर या, चप्पल काढून आत उतरा आणि गाळ किती खोल आहे ते काठी घालून बघा. मी तिथेच असेन, वही घेऊन. वहीतलं पहिलं नाव माझं आहे, रकमेसकट.

तुमचाच,
एक वाशिमकर