वाड्याचं मागचं दार

वाईजवळ मेणवलीला कृष्णेकाठी नाना फडणवीसांचा वाडा आहे. अठराव्या शतकातला. चौकामागून चौक, सागवानी खांब, भिंतींवर चित्रं. घाटावरच्या देवळात मोठी घंटा. १७३९ साली वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधून आणलेली. घंटा कुठून आली ते सगळे सांगतात. जोत्याचा दगड कुणी वाहिला ते कुणी सांगत नाही.

आता जुने वाडे दुरुस्त करायची टूम निघालीय. कुठं हॉटेल, कुठं शूटिंग. जाणकार म्हणतात, नंतरची भर काढून टाका, वाडा मूळ रूपात आणा. माझा सवाल एवढाच : मूळ म्हणजे कुठल्या सालचं?

वाडा कधी थांबलेलाच नव्हता. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला. पुढं गावोगावच्या छपरांवर मंगळुरी कौलं चढली. ब्रह्मदेशचं सागवान जहाजानं मुंबईला आलं. धक्क्यावर ते कुणाच्या तरी खांद्यावरून उतरलं. मी गोदीत राबतो, म्हणून मला खांबाआधी खांदा दिसतो. १९४८ चा कूळकायदा आला, वाड्याची खंडाची रास आटली. १९५८ च्या कायद्यानं महारवतनं खालसा झाली, हक्काची वेठ गेली. मग पत्रे आले, सिमेंट आलं, माडीवर भाडेकरू आले. हा पण वाड्याचाच इतिहास आहे की नाही?

आमच्या गावच्या वाड्यात आजी लहानपणी जळणाचा भारा घेऊन जायची. मागच्या दारानं. भारा टाकायचा, लांब उभं राहायचं. भाकर वरून पडायची. म्हातारी म्हणते, "आत खांब किती, मला काय ठावं? मला उंबरा ठावा." गेल्या साली दुरुस्तीत तेच दार दगडांनी बुजवलं. ओंगळ दिसतं म्हणे!

ओंगळ दार नव्हतं. दाराबाहेर माणूस उभा करणारी रीत ओंगळ होती. दार बुजवलं की पुरावा बुजतो. उद्या आपलीच पोरं पुढच्या दारानं तिकीट काढून आत जातील आणि म्हणतील, काय भारी लोक होते!

वाडे पाडा असं मी म्हणत नाही. त्यात आपला घाम मुरलाय. जपा, पण मागच्या दारासकट जपा. तिथं पाटी लावा : इथून कोण येत होतं, कुठवर येत होतं.

आणि पाटीची वाट बघत बसू नका. आपापल्या म्हातारीला घेऊन गावी जा. दार कुठं होतं ते विचारा, कागदावर काढून ठेवा. म्हातारी गेली की दार कायमचं बुजलं.