नुसता कागद

"भाऊ, सातबारा द्या. नुसता कागद तर आहे."

आमच्या ओसरीवर चहा पिता पिता व्यापाऱ्याने बाबूजींना हे म्हटलं तेव्हा मी नववीत होतो. बाबूजींनी पेटीतून सातबारा काढून दिला. व्यापाऱ्याचा धान आमच्या नावाने आधारभूत खरेदी केंद्रावर मोजला गेला आणि पैसे बाबूजींच्या खात्यात आले. माझं अक्षर चांगलं, म्हणून बँकेत मला सोबत नेलं. पैसे काढायची स्लिप मी भरली. व्यापाऱ्याने नोटा मोजून घेतल्या, बाबूजींचा वाटा त्यांच्या हातावर ठेवला आणि माझी पाठ थोपटली. आयुष्यातली पहिली लबाडी मी वडिलांच्या शेजारी उभं राहून केली, आणि तिची शाबासकीही मिळाली.

मुलांनी पाहू नये असं काही घरात चाललं, की मोठी माणसं त्यांना 'आत जा' म्हणतात. त्या दिवशी मला कुणी आत पाठवलं नाही. यात लपवण्यासारखं काही आहे, असं घरात कुणाला वाटलंच नव्हतं. माझ्यावर झालेला संस्कार हाच.

म्हणून गोंदिया जिल्ह्यात कुणी 'मोबाइलने पोरं बिघडवली' असं भाषण सुरू केलं, की मला संताप येतो. मोबाइल हातात यायच्या कितीतरी आधी पोरं घरातले शब्द शिकतात. सातबारा भाड्याने देणं म्हणजे 'मदत'. बारावीच्या पेपरला खिडकीतून चिठ्ठी पोचवणं म्हणजे 'आधार'. हुंडा देण्याघेण्यावर 1961 पासून कायद्याने बंदी आहे, तरी मांडवात मोटारसायकल उभी राहते आणि वरबाप सांगतो, 'आम्ही मागितलं नाही, त्यांनी खुशीने दिलं.' वाईट कामाला घरात एकदा गोड नाव मिळालं, की मुलाला ते वाईट वाटणं बंद होतं. हाच मुलगा उद्या तलाठी होतो, केंद्रावर ग्रेडर होतो, काट्यापाशी उभा राहतो. तिथे तो नवं काही शिकत नाही. घरून आणलेले शब्दच वापरतो.

'गरीब शेतकऱ्याने काय करावं? चार पैसे सुटले तर सरकारचं काय गेलं?' हा प्रश्न मी शंभरदा ऐकला आहे. एकदा नीट हिशोब करा. 2024-25 मध्ये साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता. ज्याला कर्ज फेडायचं आहे, मजुरी चुकवायची आहे, तो केंद्र उघडण्याची वाट पाहू शकत नाही. तो धान चुरताच पडेल भावात व्यापाऱ्याला देतो. तोच धान व्यापारी माझ्या नाहीतर तुमच्या सातबाऱ्यावर हमीभावाने विकतो. गोदाम त्याच्या कट्ट्यांनी भरतं, खरेदीचं उद्दिष्ट संपतं, केंद्र बंद होतं. मग ज्याने खरोखर पिकवला त्याचा धान उघड्यावर पडून राहतो आणि अवकाळी पावसात भिजतो. आपण सरकारचं काही नेत नाही, धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याचं नेतो. पूर्वी क्विंटलमागे बोनस मिळे, तेव्हा या धंद्याला आणखी जोर होता. पुढे सरकारने हेक्टरी रक्कम सुरू केली, 2023-24 मध्ये हेक्टरी 20 हजार, दोन हेक्टरांपर्यंत. लगेच पडीक जमिनीवर धान दाखवणारे निघाले. नियम बदलला, पण घरातली शिकवण तीच राहिली.

संस्कार शाळेने द्यावेत, असं म्हणून हात झटकणाऱ्यांनी आपलाच जिल्हा पाहावा. मनोहरभाई पटेलांनी 1958 साली गोंदिया शिक्षण संस्था काढली, आणि ज्या भागात शिकायची सोय नव्हती तिथे शाळा-कॉलेजं उभी राहिली. आता शाळा आहेत, गुरुजी आहेत, फळ्यावर रोज सुविचार आहे. पण ज्या मुलाने सकाळी बापाला खोटी सही करताना पाहिलं, त्याला दुपारचा सुविचार काय सांगणार?

हे सगळं गरिबीमुळे होतं, हेही मला मान्य नाही, कारण याच बांध्यांमध्ये मी उलटं पाहिलं आहे. महाराष्ट्रात सारस पक्षी उरला तो मुख्यतः आपल्या जिल्ह्यात. ऐन पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत गवताचा ढीग रचून घरटं करतो, बहुतेक वेळा दोनच अंडी घालतो आणि नर-मादी आळीपाळीने महिनाभर उबवतात. तेवढ्या जागेत रोवणी करता येत नाही, आजूबाजूचं पीक तुडवलं जातं. तरी इथले कितीतरी शेतकरी तो तुकडा सोडून देतात, कुत्री हाकलतात, घरच्या पोरांना राखणीला बसवतात. त्यांच्याकडे माझ्या बाबूजींपेक्षा जास्त जमीन नसते. त्या पोरांना पाखराच्या दयेवर कुणी प्रवचन देत नाही. आपल्या ताटातले चार घास कमी करून बाप दुसऱ्या जिवाला जागा देतो, एवढं ती पाहतात. नुकसान सोसून योग्य ते करता येतं, हे त्यांना धुऱ्यावर बसल्या बसल्या कळतं. मला ते कळायला वयाची चाळिशी उलटावी लागली.

बाबूजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी कुणाला शिवी दिली नाही, दारातून कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही. म्हणूनच हे लिहिणं जड जातं. वाईट माणसाच्या घरातलं पोर निदान सावध असतं. चांगल्या माणसाच्या हातून झालेली लबाडी मात्र मूल चांगुलपणातच जमा करतं. मीही वर्षानुवर्षं तसंच केलं.

आता पुंजणे रचले जातील, चुरणे होतील, आणि मंडईची धामधूम ओसरली की तो माणूस पुन्हा ओसरीवर येईल. चहा घेईल, नुसता कागद मागेल. मुलं तिथेच खेळत असतील. त्यांना आत पाठवू नका. त्यांच्या देखत त्याला नाही म्हणा. आणि का नाही म्हणालात, तेही 'चोरी' हा शब्द वापरून त्यांच्या देखतच सांगा.