भंगारात काढण्यापूर्वी

यंत्र बंद पडले की आधी त्याचे वय विचारण्याची आपल्याकडे पद्धत आहे. दुरुस्तीच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘किती वर्षांचं आहे?’ उत्तर दहाच्या वर गेले की तपासणी तिथेच संपते. माझे म्हणणे एवढेच की वय म्हणजे निदान नव्हे. हे म्हणायला मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी असण्याची गरज नाही. कला शाखेत आपल्याला पुरावा पाहून बोलायला शिकवतात. तो नियम संगणकाच्या खोक्यालाही लागू आहे.

आमच्या घरचा संगणक वडिलांनी तालुक्याचा एक सायबर कॅफे बंद झाला तेव्हा घेतला. त्यातला प्रोसेसर कोअर टू ड्युओ, म्हणजे २००६ साली बाजारात आलेली जात. रॅम दोन जीबी. त्यात माझ्या आजोबांचा आवाज आहे. आबा गावच्या भजनी मंडळाचे बुवा होते. ते गेले, मागे चाळीस कॅसेटी राहिल्या. साठ मिनिटांची एक कॅसेट १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत सुमारे ५८ एमबी जागा घेते. म्हणजे सगळे आबा सव्वादोन जीबीत मावले. संगणकावर लिरिऑन म्युझिक सर्व्हर नावाचे सॉफ्टवेअर घातले की घरातल्या राउटरवरून ती भजने माझ्या जुन्या फोनवर वाजतात. इंटरनेट लागत नाही. आजी पहाटे फोन उशाशी घेऊन ऐकते. (फोनशी बोलतेही, पण तो विषय वेगळा.)

हा सर्व्हर दिवसातून दोनदा गोठू लागला. दुकानदार म्हणाले, ‘ताई, यात पैसे घालू नका, भंगार आहे.’ पुण्याचा आतेभाऊ म्हणाला, ‘फुकटचं सॉफ्टवेअर, असंच चालणार.’ एकाने वयाला दोष दिला, दुसऱ्याने फुकटेपणाला. झाकण मात्र कोणी उघडले नाही.

फुकटेपणाचे आधी पाहू. हे सॉफ्टवेअर स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीने आपल्या २००१ सालच्या संगीतयंत्रासाठी केले. २००६ साली ती कंपनी लॉजिटेकने घेतली, २०१२ साली ती यंत्रे बनवणे थांबले आणि २०२४ साली त्यांची इंटरनेटवरची सेवाही बंद झाली. तरी सॉफ्टवेअर जिवंत आहे, कारण त्याची संहिता खुली होती आणि वापरणाऱ्यांनीच ती नव्या नावाने सांभाळली. विकत घेतलेली यंत्रे बनायची थांबली, खुली संहिता तगली. तेव्हा ‘फुकटचे म्हणजे तकलादू’ हे गणित निदान इथे तरी जुळत नाही.

आता निदान. सर्व्हर बंद पडतो म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहावे. गाणे थांबले पण संगणक चालू असेल, तर संशय सॉफ्टवेअरवर किंवा अपुऱ्या रॅमवर. पडदा, माऊस, सगळेच गोठले तर संशय उष्णतेवर, रॅमच्या पट्टीवर, वीजपुरवठ्याच्या डबीवर. आमच्याकडे सगळेच गोठत होते. मी वहीत तारीख, वेळ आणि थांबलेल्या फाइलचे नाव लिहीत गेले. सर्व्हर एकेक फाइल उघडून आपली सूची तयार करतो. तो दर वेळी एकाच फाइलवर अडखळला असता तर ती फाइल खराब. आमचा दर वेळी वेगळ्या भजनावर थांबे. भजने सुटली, यंत्र अडकले.

पंख्यातली धूळ काढली, फरक नाही. हार्ड डिस्क स्वतःच्या खराब जागांची नोंद ठेवते, ती वाचली, शून्य. मग मेमटेस्ट नावाचा छोटा कार्यक्रम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवला. सकाळी पडद्यावर लाल ओळींची रांग. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक खराब होती. ती काढली आणि गोठणे थांबले.

पण एका जीबीवर नवीनच तक्रार सुरू झाली. आता संगणक चालू राही, नुसता सर्व्हर नाहीसा होई. लिनक्स रॅम संपली की जास्त जागा खाणाऱ्या कार्यक्रमाला स्वतःच मारतो आणि नोंदवहीत तसे लिहून ठेवतो. इतका प्रामाणिक गुन्हेगार मी पाहिलेला नाही. खिडक्या-चित्रांचा सगळा पसारा काढून टाकला, सर्व्हरपुरती जागा झाली. दिवाळीपासून तो बंद पडलेला नाही.

जुन्याची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. असा डेस्कटॉप साधारण ६५ वॅट खात असेल आणि दिवसरात्र चालू ठेवला, तर महिन्याला ४७ युनिट जातात. वडिलांनी हा हिशेब माझ्याआधी केला होता. म्हणून तो पहाटे दोन आणि संध्याकाळी एक तास चालतो. सहा युनिटांत भागते. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती सर्वसाधारणपणे १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तशी यंत्रे इंटरनेटला जोडून ठेवणे धोक्याचे. आणि डेबियनच्या २०२५ च्या आवृत्तीने ३२ बिटांच्या संगणकांसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले. तिथे खरोखर वय आडवे येते. पण ते तपासून कळावे, दुकानाच्या पायरीवरून नव्हे.

हे सारे लिहिण्याचे कारण आपल्या महाविद्यालयाची जिन्याखालची खोली. तिथे प्रयोगशाळेतले अकरा संगणक निर्लेखनाच्या मंजुरीची वाट पाहत आहेत. मराठी विभागाच्या कपाटात जुन्या विद्यार्थ्यांनी गावोगाव जाऊन ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या कॅसेटी आहेत. त्यांतल्या काहींच्या फितीवर पावसाळ्याची बुरशी चढली आहे. त्या बायांपैकी कितीजणी आज हयात असतील? अकरांतले एक यंत्र तरी मेमटेस्टमधून पार पडेल, आणि ओव्या ग्रंथालयात बसून कोणालाही ऐकता येतील. प्राचार्यांनी मंजुरीच्या कागदावर सही करण्यापूर्वी दोन रात्री ती खोली आम्हा विद्यार्थ्यांना द्यावी. पेनड्राइव्ह माझ्याकडे आहे. आबांचा टेपरेकॉर्डरही आहे; त्याचा पट्टा मागच्याच महिन्यात नवा टाकला.